बिनवासाचा गॅस

मंडळी, गॅसला वास नसतो.

हे वाचून आमच्या घराण्यातल्या निम्म्या बायका माझ्याकडे संशयाने बघतील याची मला खात्री आहे. दूध उतू जाऊन बर्नर विझला की, नळी सैल झाली की, सिलिंडर तळाला आला की जो कुजक्या कोबीसारखा वास घरभर होतो, तो मग कशाचा? तो मुद्दाम घातलेला असतो. जमिनीतून निघणारा नैसर्गिक गॅस स्वच्छ केला की त्याला वास राहत नाही, रंगही नाही. आपल्या सिलिंडरातल्या गॅसचंही तेच. त्यात मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाचा अगदी चिमूटभर अंश मिसळतात. हवेत अब्जावधी कणांत त्याचे दोन-चार कण असले तरी माणसाच्या नाकाला कळतात, इतकं ते घाणेरडं आहे. सिलिंडर संपताना वास जास्त येतो, कारण हे रसायन गॅसपेक्षा सावकाश उडतं आणि तळाच्या उरलेल्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. (माझ्या थोरल्या जाऊबाई वासावरून "आता दोन दिवस" असं सांगायच्या आणि ते बरोबर निघायचं. त्यामागे हे शास्त्र होतं!)

हा वास घालण्याचा कायदा अमेरिकेत ज्या घटनेमुळे आला ती एका शाळेत घडली, शाळेतही नेमकी सुतारकामाच्या वर्गात. चौतीस वर्षं मी इतिहास शिकवला. पानिपत, प्लासी, दोन महायुद्धं, सगळं मुलांकडून घोटून घेतलं. ही गोष्ट मात्र आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती मला भेटली मिशिगनमध्ये, धाकट्या लेकीच्या गॅरेजमध्ये, स्टुलावर बसून टॉर्च धरण्याची नोकरी करत असताना.

ती नोकरी कशी लागली ते आधी सांगते. आमचे जावई सोमवार ते शुक्रवार संगणकापुढे बसतात आणि शनिवारी सुतार होतात. घराला लागून मोठं गॅरेज आहे, त्यात एक मोटार आणि बाकी सगळी लाकडं, रंधे, करवती. तिकडची थंडी म्हणजे सरस गोठेल अशी, त्यामुळे गॅरेज तापवल्याशिवाय नोव्हेंबर ते मार्च तिथे काम होत नाही. आधीच्या मालकाने छताला एक गॅसवर चालणारा हीटर टांगून ठेवला होता. लोखंडी ट्रंकेएवढं तपकिरी धूड, पुढे पट्ट्यापट्ट्यांची झडप, मागे पंखा, वर धुराचं नळकांडं. बाजूच्या पट्टीवर ७५,००० बीटीयू असा आकडा. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक बीटीयू. आपल्या घरच्या शेगडीचे दहाएक बर्नर एकदम पेटवले तर जेवढी धग होईल तेवढी त्या धुडाची होती.

ते दोन हिवाळे बंद होतं. जावयांनी मनावर घेतलं की हे आपण घरीच दुरुस्त करायचं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांचं सगळं आयुष्य गॅसचे आणि वाफेचे पाइप जोडण्यात गेलं. ते म्हणाले, मी समोर उभा राहतो, तू हात चालव. लेकीने मला हळूच सांगितलं, "आई, तूही बस तिथे. तू असलीस की हे घाई करत नाहीत." म्हणून मी, माझी शाल आणि टॉर्च!

आजार असा होता की पायलट, म्हणजे ती सतत जळणारी लहानशी ज्योत, पेटायची. पण बटणावरचा अंगठा काढला की फुस्स. मी विचारलं, अंगठा दाबून कशाला धरावा लागतो? शेजारच्या आजोबांनी फार छान समजावलं, आणि मग मला राहवेना. रात्री संगणकावर बसून एकेका भागाचा वंश शोधत गेले. मंडळी, त्या एका धुडात दोनशे वर्षं कोंबलेली निघाली.

गॅसची गोष्ट उष्णतेपासून सुरू होतच नाही, ती उजेडापासून सुरू होते. विल्यम मर्डॉक नावाचा स्कॉटिश कारागीर बोल्टन आणि वॉट यांच्या वाफेच्या इंजिनांच्या कंपनीत होता. कॉर्नवॉलमधल्या रेडरूथ गावी १७९२ साली त्याने बंद भांड्यात दगडी कोळसा तापवला, त्यातून निघालेला वायू नळीने घरात आणला आणि त्यावर दिवा लावला. १८१२ मध्ये लंडनला गॅसची पहिली मोठी कंपनी सनद घेऊन उभी राहिली आणि पुढच्या वर्षअखेरीस वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गॅसचे दिवे लागले. आपल्या मुंबईत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले ते १८६५ साली. अमेरिकेतलं यादवी युद्ध त्याच वर्षी संपलं आणि कापसाच्या भावावर फुगलेली मुंबई धाडकन खाली आली, ते हेच वर्ष. सट्ट्यात बुडालेले शेठ नव्या दिव्यांच्या उजेडात घरी गेले असतील. लालबाग-परळकडे 'गॅस कंपनी' हे ठिकाणाचं नावच होऊन बसलं.

(लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या 'गॅसबत्त्या' मात्र गॅसच्या नव्हत्याच. त्यात रॉकेल असायचं, पंप मारून वाफ केलेलं. पण त्यातली ती पांढरी जाळी, आपण जिला मेंटल म्हणायचो, ती खरोखर गॅसच्या दिव्यासाठीच निघाली. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली तिचं पेटंट घेतलं, पुढे ती थोरियमची केली. त्या थोरियमसाठी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची वाळू बोटी भरभरून बाहेर गेली. पण तो वेगळाच लेख होईल. असो.)

आता मुद्द्याची गोष्ट. हा दगडी कोळशाचा गॅस जन्मजात घाण वासाचा होता. त्यात गंधकाची संयुगं असायची, कितीही धुतला तरी थोडा वास राहायचाच. शिवाय त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे, म्हणजे नुसता हुंगला तरी जीवघेणा. पण वास असल्यामुळे गळला की लोकांना कळायचं. शंभर-सव्वाशे वर्षं पाश्चात्य देशांतल्या लोकांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: गॅस गळला की वास येतो. वास नाही म्हणजे गळती नाही.

पुढे एडिसनचा विजेचा दिवा आला आणि गॅस कंपन्यांच्या पोटात गोळा उठला. उजेडाचा धंदा हातचा जाणार. मग त्या उष्णतेकडे वळल्या: शेगड्या, पाणी तापवायचे बंब, खोली तापवायचे हीटर. त्याला लागणारी युक्ती तयारच होती. हायडेलबर्गच्या विद्यापीठात रॉबर्ट बुन्सेनला नव्या प्रयोगशाळेसाठी काजळी न धरणारी ज्योत हवी होती. १८५५ च्या सुमारास पीटर डेसागा या तिथल्या यंत्रकाराने त्याला बर्नर घडवून दिला. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळायची, एवढीच युक्ती. पिवळी, काजळी सोडणारी ज्योत गेली आणि निळी, कडक आली. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटचे दिवे होते, त्यामुळे बुन्सेन बर्नर मी पुस्तकातल्या आकृतीतच पाहिलेला. टॉर्चच्या उजेडात त्या तपकिरी धुडाच्या पोटात पाहिलं तर बुन्सेनचे पाच भाऊ आडवे ओळीने झोपलेले! प्रत्येकाच्या तोंडाशी पितळेची एक जेट, तिला सुईच्या टोकाएवढं भोक.

ती भोकं धुळीने भरली होती. जावई तार घेऊन आले. मलाही ते बरोबरच वाटलं, कारण आमची पिढी स्टोव्हला पिन मारण्यात वाढली. आजोबांनी तार काढूनच घेतली. पितळ मऊ असतं, तारेने भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. ते नीट धुवायचं, फुंकर मारायची, उजेडात धरून बघायचं, लोखंड त्यात घालायचं नाही. प्रत्येक जेटवर बारीक आकडा कोरलेला असतो, तो भोकाच्या मापाचा. गॅस बदलला तर जेट बदलायची. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसवरून उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक गॅसवर जायचं ठरलं, तेव्हा घरोघर माणसं पाठवून कोट्यवधी उपकरणांचे बर्नर बदलावे लागले होते, ते याच एवढ्याशा भोकांपायी.

आणि तो अंगठा. थॉमस सीबेक नावाचा शास्त्रज्ञ १८२१ साली बर्लिनमध्ये दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून जोड तापवत बसला होता, तर जवळची चुंबकसुई हलली. तापलेल्या जोडातून वीज निघते. यालाच थर्मोकपल म्हणतात. हीटरमध्ये हा तांब्याच्या बारीक काडीसारखा भाग पायलटच्या ज्योतीत नाक खुपसून बसलेला असतो. त्यातून निघणारी वीज किती? साधारण तीस मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधल्या एका सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी. एवढ्याशा विजेने आत एक चिमुकलं विद्युतचुंबक जागं होतं आणि गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. पण त्याच्यात झडप *उघडायची* ताकद नाही, फक्त उघडलेली *धरून ठेवायची* आहे. म्हणून उघडायचं काम आपल्या अंगठ्याचं. काडी तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट दाबून धरा, मग ती सांभाळते. वाऱ्याने पायलट विझला की काडी थंड, वीज बंद, चुंबक सैल, झडप खाली, गॅस बंद. बाहेरची वीज नको, कुणी पहारा नको. मला तर हे ऐकून हात जोडावेसे वाटले. आमची काडी जळून गेली होती, एवढाच आजार. नवी काडी एका पिझ्झाच्या किमतीत मिळाली.

आता त्या शाळेकडे येते.

पूर्व टेक्सासमध्ये १९३० साली तेलाचा प्रचंड साठा सापडला. जगात मंदीने हाहाकार असताना तिथल्या रस्क परगण्यातलं न्यू लंडन हे खेडं श्रीमंत झालं. तेलविहिरींवरच्या करातून त्यांनी दहा लाख डॉलर खर्चाची, पोलादी सांगाड्याची शाळा बांधली. आजूबाजूच्या तेलमजुरांची पोरं तिथे येत. शाळेच्या आवारातसुद्धा तेलविहिरी होत्या. आपल्याकडे गळक्या कौलांखाली वर्ग भरवलेल्या मला ते वर्णन वाचून हेवाच वाटला.

वास्तुकाराच्या आराखड्यात तळाशी एक बॉयलर आणि वाफेने तापणाऱ्या खोल्या होत्या. शाळेच्या मंडळाने ते बदललं. त्याऐवजी इमारतभर गॅसवर चालणारे ७२ हीटर बसवले. इमारत उतारावर होती, त्यामुळे तिच्या एका अंगाखाली अडीचशे फूट लांबीची बंदिस्त पोकळी राहिली होती. गॅसचे पाइप तिच्यातून गेलेले. १९३७ च्या सुरुवातीला मंडळाने आणखी एक काटकसर केली. गॅस विकत घेणं बंद केलं आणि जवळून जाणाऱ्या एका कंपनीच्या पाइपला जोड मारून फुकटचा गॅस घेतला. तेलाबरोबर निघणारा हा गॅस तेव्हा टाकाऊ समजत. तो उघड्यावर जाळून टाकायचे, रात्रभर रानात मशाली जळाव्यात तसे. त्या भागातली घरं, दुकानं, देवळंही असाच जोड मारून घेत. कंपन्यांची परवानगी नव्हती, पण त्या तिकडे काणाडोळा करत. वाचले किती, तर महिन्याला अडीचशे-तीनशे डॉलर.

या फुकटच्या गॅसचा दाब कमी-जास्त होई, आणि त्याला वास नव्हता.

मी शाळेच्या जमाखर्चाच्या बैठकांना बसलेली बाई आहे. खडूचे खोके मोजून देणारे मुख्याध्यापक पाहिले आहेत. त्यामुळे त्या मंडळाला राक्षस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सगळा गाव जे करत होता तेच त्यांनी केलं. पण एक गोष्ट मला खुपते. काही मुलं डोकं दुखतं म्हणून तक्रार करत होती, त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वर्गात डोकं दुखतं म्हणणाऱ्या पोरांचं आम्ही शिक्षक काय करतो ते मला माहीत आहे. गणिताचा तास टाळतोय, म्हणतो.

१८ मार्च १९३७, गुरुवार. लहान वर्ग आधीच सुटले होते. मोठी मुलं, पाचवीपासून पुढची, वर्गात होती. शाळा सुटायला पंधरा-वीस मिनिटं उरलेली. शंभर फुटांवरच्या व्यायामशाळेत पालकसभा भरली होती, म्हणजे बऱ्याच जणांच्या आया तिथेच बसलेल्या. तीन वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास हस्तकलेच्या कार्यशाळेत शिक्षकांनी लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. यंत्राची कळ दाबताना ठिणगी उडते, नेहमीच उडते. नैसर्गिक गॅस हवेत पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये मिसळला असेल तर तेवढी ठिणगी पुरते. गळलेला गॅस त्या पोकळीत किती दिवस साठत होता कोण जाणे, कार्यशाळेतही तो पोचला होता. साक्षीदारांनी सांगितलं की इमारत वर उचलली गेल्यासारखी झाली, छत उडालं आणि सगळं परत त्याच जागी कोसळलं. दोन टनांचा काँक्रीटचा तुकडा दोनशे फुटांवर उभ्या असलेल्या मोटारीवर जाऊन पडला.

इमारतीत सुमारे पाचशे मुलं आणि चाळीस शिक्षक होते. जवळजवळ तीनशे गेले. अमेरिकेच्या इतिहासात शाळेत इतके बळी दुसऱ्या कुठल्याही दुर्घटनेत गेलेले नाहीत.

बाप धावत आले ते तेलविहिरींवरचे मजूर होते, अवजड सामान हलवण्यात तरबेज. त्यांनी आपापली यंत्रं आणली. फळं भरायच्या टोपल्या हातोहात देत मलबा उपसला. रात्री पाऊस लागला, तरी थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, सतरा तासांत, जागा साफ केली. टायलर गावात एका नव्या रुग्णालयाचं उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. त्यांनी समारंभ रद्द केला आणि त्याच रात्री दारं उघडली. बातमी द्यायला गेलेल्यांत विशीतला एक पोरसवदा वार्ताहर होता, वॉल्टर क्रॉन्काइट. पुढे तो अमेरिकेचा सगळ्यात विश्वासाचा बातमीदार झाला, महायुद्ध पाहून आला, तरी म्हणायचा की या घटनेचा अनुभव गाठीला नव्हता आणि नंतरही तसं काही पाहिलं नाही. जगभरातून सांत्वनाच्या तारा आल्या. त्यांत एक बर्लिनहून होती, अडॉल्फ हिटलरची. इतिहासाच्या शिक्षिकेला असल्या नोंदीपुढे काय बोलावं ते सुचत नाही.

पडलेल्या भिंतींत एक फळा सापडला. त्यावर कुणी तरी आधी लिहून ठेवलं होतं की तेल आणि गॅस हे पूर्व टेक्सासचं सर्वात मोठं वरदान, ते नसतं तर ही शाळा नसती.

शाळेचे अधीक्षक डब्ल्यू. सी. शॉ यांचा स्वतःचा मुलगा त्यात गेला. तरी गाव त्यांच्यावर उलटलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. खटले झाले. न्यायालयाने शाळेला किंवा गॅस कंपनीला, कुणालाच जबाबदार धरलं नाही. मुलं दहा-अकरा दिवसांत तात्पुरत्या खोल्यांतून परत शिकू लागली, नवी इमारत १९३९ मध्ये उभी राहिली, रस्त्याच्या मध्ये मोठा स्मारकस्तंभ आला. आणि गाव गप्प झालं. वाचलेल्यांचा पहिला मेळावा भरायला १९७७ साल उजाडलं. चाळीस वर्षं! आई-बापांनी मुलांपुढे विषय काढला नाही, मुलांनी आई-बापांपुढे नाही. १९९८ मध्ये शाळेसमोरच एक छोटं संग्रहालय उघडलं.

टेक्सासच्या विधिमंडळाने मात्र वेळ घालवला नाही. दोन महिन्यांच्या आत कायदा झाला की लोकांना पुरवल्या जाणाऱ्या गॅसमध्ये ओळखू येईल असा वास घातलाच पाहिजे. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, नोंदणी केल्याशिवाय कुणालाही स्वतःला अभियंता म्हणवून घेता येणार नाही, असा. वासाची कल्पना नवी नव्हती, जर्मनीत ती एकोणिसाव्या शतकातच कुणी वापरून पाहिली होती. सक्ती नव्हती, एवढंच. ती मग राज्याराज्यांतून आणि देशोदेशी पसरली. (यातली गंमत म्हणजे हा वास कुजलेल्या मांसासारखाही असतो, त्यामुळे कॅलिफोर्नियात लांबलांबच्या पाइपलाइनवर कुठे गळती आहे ते अभियंत्यांना वर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांवरून कळायचं!) आपल्याकडे सिलिंडरचा गॅस आला १९५० च्या दशकात, मुंबईत. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात गॅस पहिल्यापासून वासासकट आला. बिनवासाचा गॅस आपण कधी पाहिलाच नाही, म्हणून तो वास गॅसचाच, असं आपल्याला वाटतं.

हे सगळं मी एका शनिवारी जेवताना सांगितलं. नातीने जेवण थांबवलं. जावई म्हणाले, "आई, माझंही घासायचं यंत्र आहे तिथे." मी म्हटलं, म्हणूनच सांगतेय.

दुपारी मुख्य नळ बंद करून नवी काडी बसवली. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. आत एक जुनी दोरीसारखी वेठणी होती, राखाडी, भुसभुशीत. आजोबांनी जावयांचा हात धरला. जुन्या हीटरांत ही अॅस्बेस्टॉसची असते, खरवडली की तिची धूळ फुप्फुसात जाते. ती ओली करून तशीच झाकून ठेवली. मग अंगठा, एक मिनिट, आणि पायलट राहिला! खटका ओढला, पाचही भाऊ निळे पेटले. टाळ्या झाल्या.

आजोबा टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली वाकून ज्योतींकडे बघत होते. दोन-तीन मिनिटांनी मागचा पंखा आपोआप सुरू झाला आणि त्या सरळ उभ्या निळ्या ज्योती एकदम एका बाजूला लवल्या, त्यांना पिवळी शेंडी आली. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, संपलं. पंख्याची हवा बाहेरच्या अंगाने जायला हवी, ज्योतीला ती लागता कामा नये. ती लागते आहे, याचा अर्थ मधल्या लोखंडी कप्प्याला तडा गेला आहे. तिथून धूर खोलीत येणार, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असणार. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आणि मंडळी, त्याला वास नाही. गॅसमधलं मरकॅप्टन ज्योतीत जळून जातं, त्यामुळे न्यू लंडनच्या पोरांनी मिळवून दिलेला तो वास इथे काहीच कामाचा नाही. दर हिवाळ्यात आपल्या पेपरात बातमी असते, बंद न्हाणीघरात गॅस गीझर आणि आत तरुण मुलगा किंवा मुलगी. तो हाच. सुरुवातीला फक्त डोकं दुखतं.

जावयांनी विचारलं, वेल्डिंग करून घेतलं तर? आजोबांनी नुसती मान हलवली. त्यांच्या धंद्यात त्या तड्याला डागडुजी नाही, धूड उतरवायचं. पाइप त्यांनी टोपण लावून बंद केला. तो हिवाळा जावयांनी कोट घालून काढला, सरस घरात आणून ठेवला.

पुढच्या ऑक्टोबरात नवा हीटर बसला, परवानाधारक माणसाच्या हातून. त्याला पायलट नाही, ठिणगीने पेटतो. जळायला लागणारी हवा तो बाहेरून नळीने घेतो आणि धूर बाहेर सोडतो, त्यामुळे भुशाची आणि ज्योतीची गाठच पडत नाही. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगाही लावला आहे. जुनं धूड भंगारात गेलं. त्यातल्या पाच पितळी जेट मात्र मी मागून घेतल्या. पिंपळाच्या पानाच्या डबीत ठेवल्या आहेत, आकडा भिंगातून दिसतो.